इंग्रजी येत नसताना वाचलेला आर्ची

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी आमच्या शाळेत जूनपासूनच सुरू होते, आणि दर वर्षी मुले एकाच जागी अडतात, ती म्हणजे स्मरणचित्र. वस्तुचित्रातला तांब्या, पेला आणि दुधी भोपळा ती सरावाने बऱ्यापैकी काढू लागतात, संकल्पचित्रात तर रमूनच जातात. पण ‘बसथांब्यावरील दृश्य’ किंवा ‘भाजीबाजार’ असा विषय दिला की कागदावर माणसांऐवजी कपडे घातलेले खांब उभे राहतात. हात अंगाला चिकटलेले, गुडघे ताठ, तोंड समोर. मानवाकृतीची प्रमाणे शिकवून झाली, डोक्याच्या साडेसात पट उंची घोकून झाली, तरी ती माणसे काहीच करत नाहीत. बसची वाटही पाहत नाहीत. तेवीस वर्षे हा विषय शिकवल्यानंतर यंदा मी कपाटाच्या तळाशी ठेवलेली, आर्ची या अमेरिकन शाळकरी मुलाच्या विनोदी चित्रकथांची सहा जुनी डायजेस्ट बाहेर काढली आणि वर्गात न्यायच्या आधी ती स्वतः पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्या वाचनाने मला जे दाखवले ते इथे लिहून ठेवत आहे.

ही पुस्तके आमच्या घरी आली तेव्हा मला इंग्रजी येत नव्हते. आम्ही डोंबिवलीला राहत होतो, बाबा फोर्टातल्या एका कचेरीत नोकरीला होते आणि पगाराच्या दिवशी फाउंटनच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून दादासाठी आणि माझ्यासाठी काहीतरी घेऊन येत. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला इंद्रजाल कॉमिक्समधले वेताळ आणि मँड्रेक हे वीर हवे असत, आणि ते मराठीत मिळत असल्यामुळे तो ते मला मोठ्याने वाचूनही दाखवी. आर्चीचे मात्र मराठीत काही नव्हते. त्या काळी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई आणि मी होते तिसरीत. त्यामुळे संवादाचे फुगे माझ्यासाठी चित्रातल्या ढगांसारखेच होते. त्यांत काळ्या मुंग्या भरलेल्या आहेत एवढेच मला कळे. तरीही मी ती पुस्तके पाठ होईपर्यंत वाचली आणि नेमक्या जागी हसले. दादाला अर्थ विचारावा असे मला फारसे कधी वाटले नाही, कारण काहीतरी राहून जाते आहे ही जाणीवच मला नव्हती.

हे आठवले आणि मी थबकले. वेताळ दादाने वाचून दाखवला नसता तर मला तो कळला असता का? घोडा, कवटीची अंगठी, गुहा, ठोसा हे दिसले असते. पण कोण कोणावर का उलटले, कुणाचा सूड कुणावर, हे शब्दांवाचून समजले नसते. आणि आर्ची मात्र समजत होता. एकाच वयाची, एकाच घरातली, एकाच पदपथावरून आलेली ही दोन प्रकारची चित्रपुस्तके, आणि त्यांतले एक भाषेवाचून चालत होते. असे का व्हावे, हा प्रश्न घेऊन मी यंदा त्यांच्या जन्मकथेत शिरले, आणि तिथे पहिलीच गोष्ट अशी आढळली की आर्चीचा जन्म सुपरहिरोंच्या घरातच झालेला आहे.

मॉरिस कॉइन, लुई सिल्बरक्लाइट आणि जॉन गोल्डवॉटर या तिघांनी १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या नावांची आद्याक्षरे जुळवून एमएलजे ही प्रकाशनसंस्था काढली. आदल्याच वर्षी सुपरमॅन आलेला होता आणि जो तो अंगरखेवाल्या वीरांच्या मागे लागला होता. एमएलजेच्या ‘पेप कॉमिक्स’च्या जानेवारी १९४० च्या पहिल्या अंकात ‘द शील्ड’ अवतरला. अमेरिकेचा ध्वजच पोशाख म्हणून अंगावर घेतलेला तो पहिला वीर. कॅप्टन अमेरिका त्याच्यानंतर वर्षभराने आला. त्याच पहिल्या अंकात जॅक कोलने रचलेला ‘कॉमेट’ होता, जो १९४१ च्या सतराव्या अंकात चक्क मारला गेला आणि ज्याचा भाऊ सूड घेण्यासाठी ‘हँगमन’ झाला. नायकाला खरोखर मारण्याचे धाडस तोवर फारसे कुणी केले नव्हते. तर अशा रक्तरंजित शेजारात, डिसेंबर १९४१ च्या बाविसाव्या अंकात, सहा पानांची एक हलकीफुलकी कथा आली. लेखक व्हिक ब्लूम, चित्रकार बॉब मोंटाना. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बेटी कूपर नावाच्या मुलीवर छाप पाडायला धडपडणारा आणि दर वेळी तोंडघशी पडणारा एक मुलगा, ज्याला आर्ची या नावाचा राग आहे आणि जो लोकांना ‘चिक म्हणा’ असे सांगत फिरतो. मुखपृष्ठ वीरांचेच होते. या मुलाला त्यावर जागा नव्हती.

पुढचे सगळे विलक्षण वेगाने घडले. चारच अंकांनी, एप्रिल १९४२ मध्ये, आर्चीची दुसरी मैत्रीण व्हेरोनिका आली. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात आर्चीच्या नावाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. फेब्रुवारी १९४३ च्या छत्तिसाव्या अंकाचे मुखपृष्ठ मी संगणकाच्या पडद्यावर बराच वेळ पाहत बसले होते: शील्ड आणि हँगमन या दोन्ही वीरांनी आर्चीला खांद्यांवर उचलून घेतले आहे. आपण काय चितारतो आहोत हे त्या मुखपृष्ठाच्या चित्रकाराला ठाऊक असेल असे मला वाटत नाही, पण चित्र मात्र अगदी खरे आहे. भाडेकरू म्हणून आलेल्या पोराला घरमालकच डोक्यावर घेऊन निघाले होते. १९४६ साली प्रकाशनसंस्थेने स्वतःचे नाव बदलून आर्चीचे नाव लावले आणि १९४८ च्या सुरुवातीला पासष्टाव्या अंकापाशी शील्डची मालिका ‘पेप’मधून संपली.

महायुद्ध संपले आणि वीरांची गरज ओसरली, असे याचे कारण साधारणपणे दिले जाते, आणि ते खोटे नाही. मिकी रूनीने रंगवलेला अँडी हार्डी त्या काळी चित्रपटांत कमालीचा लोकप्रिय होता आणि गोल्डवॉटरला तसा मुलगा कागदावर हवा होता, हेही खरे. परंतु चित्रकलेच्या शिक्षिकेला यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती बॉब मोंटानाच्या घरात सापडते. त्याचे वडील रंगमंचावर बँजो वाजवत, आई नर्तकी होती, आणि त्याचे बालपण अमेरिकेतल्या फिरत्या करमणुकीच्या खेळांच्या विंगेत गेले. नाच, नकला, विनोदी प्रवेश आणि कसरती एका रात्रीत, एका तिकिटात दाखवणारे ते खेळ होते. आपल्याकडे तमाशाच्या कनातीत वाढलेल्या मुलाला सोंगाड्याची चाल जशी आपोआप कळते, तशी मोंटानाला विनोदाची देहबोली कळत होती. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द ऐकू आले नाहीत तरी नटाच्या खांद्यांवरून प्रसंग समजला पाहिजे, हा रंगमंचाचा नियम आहे. तोच नियम कागदावर आला, आणि चाळीस वर्षांनी, हजारो मैलांवर, डोंबिवलीतल्या तिसरीतल्या मुलीपर्यंत तो पोहोचला. त्या रांगेहून मागची रांग दुसरी कुठली असणार!

मोंटाना किशोरवयात मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिल गावच्या शाळेत शिकला, आणि तिथलीच माणसे आणि वास्तू त्याने पुढे रिव्हरडेल या आर्चीच्या काल्पनिक गावात नेल्या असे सांगितले जाते. त्या शाळेपुढे रोदँच्या ‘विचारवंत’ शिल्पाची प्रतिकृती आहे, तशीच ती रिव्हरडेलच्या शाळेपुढेही दिसते. १९४६ पासून १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो वृत्तपत्रांतली आर्चीची चित्रपट्टी काढत राहिला. पुस्तकांतली चित्रे मात्र या काळात इतरांच्या हाती गेली, आणि माझ्या कपाटातली पुस्तके या ‘इतरां’ची आहेत.

त्यांची नावे मला चाळीस वर्षे ठाऊक नव्हती, कारण ती पुस्तकांत छापलेलीच नव्हती. डायजेस्ट हा प्रकार १९७३ साली सुरू झाला. हातात मावेल असे छोटे, जाड पुस्तक, आणि त्यात मागच्या तीन दशकांतल्या कथा पुन्हा छापलेल्या, ना साल, ना नाव. एका कथेत मुलांचे केस बारीक कापलेले आणि मुलींचे झगे घेरदार, पुढच्याच कथेत सगळे बेलबॉटममध्ये. लहानपणी मला वाटे की रिव्हरडेलचे लोक फार हौशी आहेत आणि सारखे कपडे बदलतात. त्या गावात कुणीच मोठे होत नाही हे मात्र मला कधीच खटकले नाही. आणि नावे नसली तरी हात वेगळे आहेत हे मला तेव्हाही कळत होते. मी त्यांना माझ्यापुरती नावे दिली होती: पळणाऱ्यांची चित्रे, सुंदर मुलींची चित्रे, झोपाळू चित्रे. पुढे एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करताना रेषा वाचायला शिकले, आणि यंदा पुनर्मुद्रित संग्रहांतून आणि अभ्यासकांच्या लेखांतून त्या हातांना नावे मिळाली.

‘झोपाळू चित्रे’ सॅम श्वार्ट्झची असावीत. आर्चीचा मित्र जगहेड हे त्याचे खास पात्र. लांब नाक, मिटलेले डोळे, अंगात हाडच नसल्यासारखे बसणे. त्याच्या डोक्यावरची ती कातरलेली टोपी मला मुकुट वाटे आणि तो रिव्हरडेलचा राजपुत्र आहे, म्हणूनच त्याला कामधाम नाही आणि सारखे खायला मिळते, अशी माझी पक्की समजूत होती. पुरुषांच्या नमद्याच्या जुन्या हॅटची कड कात्रीने दातेरी कापून, वर दुमडून ती टोपी बनवत आणि अमेरिकेतली मुले तेव्हा ती खरोखर घालत, हे मला फार उशिरा समजले.

‘पळणाऱ्यांची चित्रे’ हॅरी ल्युसीची. याच्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हातात आहे. हा माणूस आधी वीरांच्या आणि भयाच्या कथा काढत होता. १९४१ साली ‘पेप’मध्ये आलेल्या ‘मॅडम सेटन’ या मालिकेची चित्रे त्याची, ‘हँगमन’च्याही अनेक कथा त्याच्या. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ‘आर्ची’ या मुख्य नियतकालिकाचा तो प्रमुख चित्रकार होता. म्हणजे त्याच हाताने आधी फाशीचा दोर रेखाटला आणि मग शाळेच्या मधल्या सुट्टीतली धांदल. वीरकथेत तो स्नायू शिकला होता आणि विनोदात ते स्नायू कशासाठी हलतात ते त्याने दाखवले, असे मी म्हणेन.

माझ्याकडच्या एका डायजेस्टमध्ये एक पान आहे. रेषेवरून ते त्याचेच असावे असे मला वाटते. मुख्याध्यापक वेदरबी टेबलामागे बसून काही लिहीत आहेत, आणि आर्चीला त्यांच्या खोलीतून गुपचूप बाहेर पडायचे आहे. पहिल्या चौकटीत तो चवड्यांवर उभा आहे, पण नुसता चवड्यांवर नाही. पार्श्वभाग मागे, मान पुढे, दोन्ही हातांची बोटे फाकलेली, जणू हवासुद्धा हलू नये म्हणून तो ती दाबून धरतो आहे. दुसऱ्या चौकटीत एक पाय दारापाशी पोहोचला आहे आणि चेहरा मात्र अजून वेदरबींकडे आहे, त्यामुळे सगळे शरीर ओल्या फडक्यासारखे पिळले गेले आहे. तिसऱ्या चौकटीत वेदरबींनी फक्त भुवई उचलली आहे. टकलावरची ती एकुलती एक बट सरळ उभी, नाकावरचा चष्मा किंचित घसरलेला, लेखणी तशीच कागदावर. आर्चीचे दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर! खाली छोटीशी सावली काढलेली, म्हणून तो उडाला आहे हे कळते. ती सावली नसती तर तो नुसता उंच दिसला असता. मी आठ वर्षांची असताना ही सावली पाहिली नव्हती, पण ती तिथे होती म्हणूनच मी हसले होते.

याच्या शेजारी मी १९४० च्या वीरकथांची काही पाने ठेवून पाहिली. तिथे चौकटीच्या वर पट्टीत लिहिलेले असते की नायक झेप घेतो, चित्रात नायक झेप घेतो, आणि फुग्यात नायकही काहीसे तेच म्हणतो. मुठी वळलेल्या, पाय फाकलेले, छाती पुढे. चोराला मारताना आणि मित्राशी बोलताना उभे राहण्याची तऱ्हा एकच. शरीर उत्तम रेखाटलेले असते, पण त्या शरीराला काही लपवायचे नसते. ज्याला लपवायचे काही नाही त्याच्या अंगावर वाचण्यासारखेही फार नसते, म्हणून मग ते काम शब्दांना करावे लागते. आर्ची सतत काहीतरी लपवत असतो: एका मुलीपासून दुसरीला, वडिलांपासून गाडीच्या पत्र्याला आलेला पोचा, शिक्षकांपासून न केलेला गृहपाठ. त्याचे तोंड एक बोलते आणि खांदे दुसरेच सांगतात, आणि माझ्यासारख्या इंग्रजी न येणाऱ्या मुलीला तोंडाचे बोलणे कळत नसल्यामुळे खांदेच तेवढे ऐकू येत होते.

वीरकथांना मी कमी लेखत नाही. समोरून येणारी मूठ मोठी आणि त्यामागचा खांदा लहान कसा काढायचा, उंच इमारतीवरून खाली पाहताना रस्ता कसा निमुळता होतो, हे यथार्थदर्शन दादा वेताळाच्या आणि पुढे परदेशी वीरांच्या चित्रांवरून शिकला आणि त्यानेच मला ते शिकवले. जॅक कर्बीसारख्या चित्रकाराने काढलेला ठोसा कागदाबाहेर येतो, ते सामर्थ्य आर्चीच्या कुठल्याही चित्रकारात नाही. कर्बीनेही १९५९ साली जो सायमन या सहकाऱ्याबरोबर याच आर्चीच्या प्रकाशनसंस्थेसाठी ‘द फ्लाय’ आणि नवा शील्ड असे दोन वीर रचले होते. त्यातल्या शील्डचे तर दोनच अंक निघाले. तोवर १९५४ ची कॉमिक्स संहिता लागू झालेली होती. मुलांची पुस्तके मुलांना बिघडवतात या गदारोळातून प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतलेली ती बंधने होती आणि त्या प्रकाशकांच्या संघटनेच्या अध्यक्षपदी गोल्डवॉटर होता. भयकथा तिने जवळजवळ संपवल्या. आर्चीला तिचा काहीच जाच झाला नाही.

‘सुंदर मुलींची चित्रे’ डॅन डीकार्लोची. आधी दहा वर्षे त्याने दुसऱ्या प्रकाशनासाठी स्टॅन लीबरोबर ‘मिली द मॉडेल’ काढली होती. तो आर्चीकडे आल्यानंतर बेटी आणि व्हेरोनिका जशा दिसू लागल्या तशाच त्या आज आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्याची रेषा इतकी स्वच्छ आहे की एक ओळही पुसून पाहावीशी वाटत नाही. पण माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. बेटी आणि व्हेरोनिका यांचे केस झाकले तर चेहरा एकच उरतो, बांधाही एकच. मुलग्यांच्या वाट्याला लांब नाके, पोट, काटकुळे पाय, फेंदारलेले ओठ आले. त्यांना कुरूप होण्याची, घसरून पडण्याची मोकळीक मिळाली. मुलींना मात्र पडतानासुद्धा नीटनेटके पडावे लागले. माझ्या वर्गातल्या मुलीही स्वतःच्या चित्रातल्या बाईला वाकवायला तयार नसतात, कारण वाकली की ती ‘चांगली दिसत नाही’, आणि ही भीती कुठून येते ते मला ही पाने पाहताना समजते. रिव्हरडेलच्या त्या वर्गात चक क्लेटन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी यायला १९७१ साल उजाडावे लागले, हेही इथेच नोंदवते.

डीकार्लोची एक हकिकत मात्र मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता आणि बेल्जियममध्ये त्याची जोसी नावाच्या तरुणीशी ओळख झाली. त्याला फ्रेंच येत नव्हते, तिला इंग्रजी फारसे येत नव्हते, म्हणून तो सांगायचे ते चित्र काढून सांगे. पुढे त्यांचे लग्न झाले आणि १९६३ साली तिच्याच नावाची मालिका त्याने सुरू केली. आयुष्याच्या अखेरीस त्या पात्राच्या हक्कावरून त्याला प्रकाशनसंस्थेविरुद्ध न्यायालयात जावे लागले, कामही गेले, निकाल त्याच्या बाजूने लागला नाही, आणि २००१ च्या डिसेंबरात तो वारला. ज्या पुस्तकांत चित्रकाराचे नाव छापायचीच पद्धत नव्हती, त्या पुस्तकांच्या जगात हे घडावे याचे मला आश्चर्य वाटले नाही, वाईट मात्र फार वाटले.

आता त्या एका डायजेस्टविषयी, ज्यात आर्ची स्वतःच वीर झाला आहे. १९६५ साली अमेरिकेत वीरांना पुन्हा बहर आला होता आणि आर्चीच्या कथांत त्याला ‘प्युअरहार्ट’, म्हणजे निर्मळ हृदयाचा बलवान, हे रूप देण्यात आले. जगहेड ‘कॅप्टन हीरो’ झाला; तो आपल्या त्या टोपीला उद्देशून यमक जुळलेला मंत्र म्हणतो आणि बलदंड होतो. बेटी ‘सुपरटीन’ झाली आणि आर्चीचा प्रतिस्पर्धी रेजी, अर्थातच, ‘इव्हिलहार्ट’. वीरांना घराबाहेर काढणाऱ्या मुलाने वीस वर्षांनी त्यांचेच कपडे अंगावर चढवले होते. याच सुमारास त्याच प्रकाशनसंस्थेत शील्ड आणि मंडळींच्या पुनरागमनाच्या कथा जेरी सीगल लिहीत होता. सुपरमॅन ज्या दोघांनी जन्माला घातला आणि १९३८ साली अवघ्या १३० डॉलरना त्याचे हक्क ज्यांच्या हातून गेले, त्यांतला हा एक. वीरकथेचा जनक वीरांना पुन्हा उभे करण्यासाठी आर्चीच्या दारात यावा, ही गोष्ट मला कुठल्याही वीरकथेपेक्षा जास्त चटका लावून गेली.

प्युअरहार्टची शक्ती हृदयाच्या निर्मळतेत आहे, आणि एखाद्या मुलीने चुंबन घेतले की ती नाहीशी होते. मला लहानपणी यातला एकही शब्द वाचता येत नव्हता. मी पाहत होते ती एवढीच गोष्ट: एक मुलगा उडतो आहे, त्याच्यात बळ आले आहे, मग एक सुंदर मुलगी जवळ येते, त्याच्या गालावर ओठ टेकते, आणि तो पुन्हा होता तसा साधा मुलगा होतो. चांदोबा वाचणाऱ्या मुलीला यात कोडे पडण्याचे कारणच नव्हते. विश्वामित्राची तपश्चर्या मेनकेने भंग केली, तशी याची केली! मी दादाला ठामपणे सांगितले होते की आर्ची तप करत होता. यंदा ते पान शब्दांसकट वाचले आणि लक्षात आले की माझी समजूत दुरुस्त करावी असे त्या फुग्यांत काहीच नाही.

विनोद आणि वीर यांची सरमिसळ पहिल्यांदा आर्चीनेच केली असे मात्र नाही. १९४० सालीच शेल्डन मेयरने ‘स्क्रिब्ली’ या चित्रकार मुलाच्या विनोदी मालिकेत मा हंकेल नावाची किराणा दुकान चालवणारी जाडजूड बाई आणली. ती तांबडे लांब अंतर्वस्त्र घालून, डोळ्यांपुरती भोके पाडलेले पातेले डोक्यावर उपडे ठेवून गुंडांना बदडते. वीरबाईच्या पोटाचा घेर लपवावा असे मेयरला वाटले नाही, आणि तिचे पाय पाहा, दिवसभर उभे राहून दुकान करणाऱ्या बाईचेच आहेत. उलट दिशेने, १९४४ पासून किशोरवयीन विनोदकथांची नायिका असलेली पॅट्सी वॉकर १९७६ साली ‘हेलकॅट’ या नावाने वीरांच्या गटात जाऊन बसली. म्हणजे या दोन घरांमधली भिंत तशी पातळच होती आणि माणसे दोन्ही बाजूंनी ये-जा करत होती.

गेल्या शनिवारी मी डायजेस्ट वर्गात नेले. वेदरबींच्या खोलीचे ते पान सोडून मुद्दाम दुसरे निवडले, ज्यात व्हेरोनिकाच्या घरी तिचे वडील लॉज आणि आर्ची समोरासमोर उभे आहेत. कोरा कागद फुग्यांच्या आकारात कापून फुगे झाकले आणि पान फळ्यावर टाचणीने लावून मुलांना एकामागून एक जवळ येऊन पाहायला सांगितले, कारण पुस्तक एवढेसे आणि मुले बत्तीस. तो मुलगा काय म्हणत असेल, असे विचारले. उत्तरे भराभर आली: पैसे मागतो आहे, माफी मागतो आहे, नमस्कार करतो आहे. मग सातवीतला एक मुलगा, जो वर्गात सहसा बोलत नाही आणि ज्याच्या स्मरणचित्रातली माणसे सर्वांत ताठ असतात, पानाजवळ नाक नेऊन बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, तो खोटं बोलतोय. त्याचे पाय दाराकडे वळलेत.”

मी फुग्यावरचा कागद काढला आणि वाचून दाखवले. आर्ची लॉजसाहेबांना सांगत होता की त्यांच्याशी गप्पा मारत बसायला त्याला अतिशय आवडेल.